एप्रिलमधलं तळं: हवा बदलली की मासे कुठे जातात?

अमेरिकेच्या ईशान्य आणि मध्यपश्चिम भागात, साधारण न्यू जर्सीपासून इलिनॉयपर्यंत, एप्रिलचा काही भरवसा नसतो. सोमवारी दुपारी २२ अंश सेल्सिअस, तर बुधवारी पहाटे गवतावर हिम. शेतांतल्या आणि उद्यानांतल्या लहान तळ्यांवर फ्लाय फिशिंग करणारे, म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून केलेलं हलकं नकली आमिष (फ्लाय) टाकून मासे धरणारे, याच दिवसांत रॉड बाहेर काढतात आणि बहुतेक जण हवा बघून दिवस व जागा ठरवतात. पण मासा हवेत राहत नाही. हवा उलटली तरी तळ्यातली ऊब काही तास, कधी एखादा दिवस मागे रेंगाळते. ती कुठे साठली आहे हे ओळखता आलं की अर्धं काम झालं.

या तळ्यांतले नेहमीचे रहिवासी तीन. तळहाताएवढा, चपटा आणि लहान तोंडाचा ब्लूगिल. त्याच्यावर जगणारा, मोठ्या जबड्याचा लार्जमाउथ बास. आणि कळपाने अधांतरी तरंगणारा क्रॅपी. तिघांच्याही शरीराचं तापमान भोवतालच्या पाण्याइतकंच असतं. पाणी १० अंशांनी थंड झालं की शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने निम्मा होतो. ५-६ अंशांच्या पाण्यात मासा उपाशी असतो असं नाही. खाल्लेलं पचायलाच फार वेळ लागतो, म्हणून भक्ष्यामागे धावणं त्याला परवडत नाही. १० अंशांच्या, म्हणजे ५० फॅरनहाइटच्या आसपास ब्लूगिल आणि क्रॅपी नियमित खाऊ लागतात. १३ ते १५ अंशांना बास उथळ पाण्याकडे सरकतो, १६-१८ च्या सुमारास त्याची वीण सुरू होते. ब्लूगिलची वीण पाणी २० अंशांच्या आसपास गेल्यावर. कोकणात चढणीच्या माशांना पहिल्या पावसाचा लोंढा इशारा देतो; इथे तो इशारा मुख्यतः उबेचा आणि लांबणाऱ्या दिवसाचा.

बर्फ वितळल्यावर वाऱ्याने तळं वरपासून खालपर्यंत ढवळलं जातं आणि सगळीकडे साधारण ४ अंश तापमान होतं, कारण पाणी सर्वांत जड याच तापमानाला असतं. पुढे ऊब वरून साठत जाते, पण सगळीकडे सारखी नाही. सूर्य दक्षिणेकडून येतो. दक्षिण काठावरच्या झाडांची आणि बांधाची सावली त्याच काठाच्या पाण्यावर पडते. उत्तर काठ मात्र दिवसभर उन्हात राहतो आणि उत्तरेच्या गार वाऱ्यापासून बांधाच्या आडोशालाही असतो. त्यातही जिथे तळाशी काळा गाळ आहे आणि पाणी अर्ध्या ते एक मीटरचं आहे, तो कोपरा आधी तापतो. दुपारी तीन वाजता अशा कोपऱ्यात आणि समोरच्या काठाला दोन-तीन अंशांचा फरक सहज मिळतो. थंड पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळतो (१० अंशांना लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम), त्यामुळे या दिवसांत माशांची श्वासाची अडचण क्वचितच असते. ते जागा निवडतात ती मुख्यतः ऊब, आडोसा आणि खाद्य पाहून.

आता थंड हवेची आघाडी, म्हणजे कोल्ड फ्रंट. ती येऊन गेली की आकाश निरभ्र होतं, वारा वायव्येकडून वाहतो आणि रात्री पाण्याची उष्णता थेट आकाशाकडे निसटते. हिशेब सोपा आहे. निरभ्र रात्री दर चौरस मीटरमागे १०० वॅट उष्णता जाते असं धरलं, तर दहा तासांत ३६ लाख ज्यूल जातात. एक घनमीटर पाणी एक अंशाने थंड व्हायला सुमारे ४२ लाख ज्यूल जावे लागतात. म्हणजे अर्धा मीटर खोल कोपरा एका रात्रीत पावणेदोन अंशांनी उतरतो, तीन मीटर खोल डोह मात्र ०.३ अंशांनीही नाही. वाऱ्याने बाष्पीभवन वाढतं, ते वेगळंच. कालचा सर्वांत उबदार कोपरा आज सर्वांत गार होण्याचं कारण हेच. मासे तळं सोडून जाऊ शकत नाहीत; ते उथळ पट्टी संपून तळ उतरू लागतो त्या पहिल्या उतारावर, दीड-दोन मीटरवर जाऊन बसतात.

‘बॅरोमीटर चढला, मासे रुसले’ हे वाक्य तळ्याकाठी हमखास ऐकू येतं. आघाडीबरोबर हवेचा दाब २० हेक्टोपास्कलने बदलला असं समजू. एक हेक्टोपास्कल म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर पाण्याचा दाब. मासा वीतभर वर-खाली झाला तरी त्याला तेवढाच फरक जाणवतो आणि ते तो दिवसभर करतच असतो. दाब हे बदलत्या हवेचं लक्षण म्हणून जरूर बघावं. माशांच्या वागण्याचं कारण म्हणून प्रखर उजेड, वारा आणि उतरलेलं तापमान जास्त पटण्यासारखं आहे.

म्हणून पहिलं साधन थर्मामीटर. दोरीला बांधून ३० सेंटिमीटर आणि एक मीटर खोलीवर दोन-दोन मिनिटं ठेवायचा आणि वर काढताच वाचायचा. उत्तर कोपरा, वारा येऊन धडकतो तो काठ आणि ओढ्याचं पाणी तळ्यात येतं ते तोंड, इतक्या नोंदी पुरतात. दोन दिवस नैऋत्येचा उबदार वारा वाहत असेल, तर वरचं तापलेलं पाणी ईशान्य काठाशी ढकललं जातं. तिथे तोंडावर वारा घेत उभं राहावं लागलं तरी जागा तीच. ओढ्यातून वितळलेल्या हिमाचं पाणी येत असेल, तर त्या तोंडापासून लांब. उबदार पावसानंतर नेमकं उलट. आणि पहाटे उठायची घाई नको. उन्हाळ्यातली ही चांगली सवय एप्रिलमध्ये वाया जाते. दुपारी एक ते पाच ही खरी वेळ.

साहित्य फार लागत नाही. फ्लायला स्वतःचं वजन जवळजवळ नसतं. तिला पुढे नेतं ते लाइनचं, म्हणजे जाड दोरीचं, वजन; नंबर वाढला की लाइन जड. पाच नंबरच्या लाइनच्या पहिल्या नऊ मीटरचं वजन सुमारे नऊ ग्रॅम भरतं. ब्लूगिल-क्रॅपीसाठी चार किंवा पाच नंबरचा, २.६ ते २.७ मीटरचा रॉड, तरंगणारी लाइन, अडीच मीटरचा निमुळता लीडर (लाइनपुढचा बारीक धागा) आणि टोकाला फ्लाय बांधायचा अर्धा मीटर ४एक्स टिपेट, म्हणजे ०.१८ मिलिमीटर जाडीचा धागा. बासच्याच मागे असाल तर सहा-सात नंबर आणि त्याहून जाड २एक्स टिपेट.

फ्लाय निवडताना तळ्यात आत्ता काय जिवंत आहे ते पाहावं. बेडूक आणि टोळ अजून दूर आहेत. गाळात आहेत कायरोनोमिड चिलटांच्या अळ्या, त्यातल्या काही हिमोग्लोबिनमुळे लाल, आणि कुजक्या पाल्यात चतुर-टाचण्यांची पिल्लं. त्यामुळे १२ नंबरच्या गळावरची, पितळी मण्याची हेअर्स इअर निम्फ (पाण्यातल्या कीटकांच्या पिल्लांची नक्कल) आणि १० नंबरचा काळा किंवा ऑलिव्ह वुली बगर, या दोन फ्लायवर महिना निघतो. वुली बगरची शेपटी मॅराबू पिसांची असते. फ्लाय थांबली तरी ती पिसं हलत राहतात. गार पाण्यात हाच गुण कामाला येतो, कारण तिथे फ्लाय बहुतेक वेळ थांबलेलीच असायला हवी.

आघाडी येण्याआधीच्या ढगाळ, कोंदट दुपारी बगर उथळ कोपऱ्यात टाकावा, पाच-सहा आकडे मोजून बुडू द्यावा आणि वीतभर खेचून दोन-तीन सेकंद थांबावं. पुढच्या वेळी दहापर्यंत मोजावं. गळाला गवत आलं की त्या आकड्यातून दोन वजा. तीच खोली धरून ठेवावी. आघाडी गेल्यावरच्या लखलखीत दुपारी निम्फ इंडिकेटरखाली, म्हणजे लीडरवर लावलेल्या तरंगत्या खुणेखाली, सव्वा ते दीड मीटरवर टांगून पहिल्या उतारावर सोडावी. मग हात आवरावा. वाऱ्याच्या लाटा तिला पुरेशा हलवतात. पंधरा-वीस सेकंदांनी एक बारीक ओढ बस.

गडबड इथेच होते. ब्लूगिल चावत नाही, पाण्यासकट आत ओढतो. ही ओढ त्याच्या तोंडाच्या व्यासाएवढ्या अंतरापलीकडे फारशी पोचत नाही, म्हणून फ्लाय नाकासमोर आणि संथ हवी. न आवडलेली वस्तू तो क्षणात थुंकतो. इंडिकेटर बुडायची वाट पाहू नये. तो आडवा सरकला, थबकला, तिरका झाला तरी रॉड हलकेच उचलावा. रॉडचं टोक पाण्यालगत ठेवावं. ते वर धरलं की लाइन मधे झोल खाते आणि मासा कधी आला नि गेला, कळतही नाही. जोराचा हिसका दिला तर क्रॅपीचा कागदासारखा पातळ ओठ फाटतो.

उजव्या हाताने टाकणाऱ्याला उजवीकडून वारा असेल तर फ्लाय थेट कानाकडे येते. अशा वेळी लाइन डाव्या खांद्यावरून न्यावी किंवा तळ्याकडे पाठ करून मागच्या फेकीतच ती पाण्यावर सोडावी. चष्मा हवाच. मागे झाडं असली तर रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न फेकता पाण्यावरूनच पुढे उलगडत टाकायची.

मासा धरताना हात ओले करावेत आणि ब्लूगिलच्या पाठीवरचे काटे डोक्याकडून शेपटीकडे दाबत जावेत. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच चेपलेला असला तर सोडवायला सेकंदही लागत नाही. न्यू जर्सीत १६ वर्षांपासून पुढे मासेमारीचा परवाना लागतो, आणि काही राज्यांत विणीच्या काळात बास पकडला तरी लगेच सोडून द्यावा लागतो. त्या तारखा दर वर्षी राज्याच्या नियमावलीत पाहाव्यात. पाणी सलग आठवडाभर १८ अंशांच्या वर राहिलं की इंडिकेटर पेटीत टाकून तरंगता, ओढला की पाण्यावर आवाज करणारा पॉपर बांधायला हरकत नाही.