‘प्रौढ माणसाची गरज’: एका आकड्याची पार्श्वभूमी

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या आहारविषयक तक्त्यांत एक पुरुष आणि एक स्त्री वर्षानुवर्षे राहत आहेत. त्यांना ‘संदर्भ पुरुष’ आणि ‘संदर्भ स्त्री’ म्हणतात. २०२० च्या तक्त्यानुसार दोघांचे वय १९ ते ३९ च्या दरम्यान असून पुरुषाचे वजन ६५ किलो आणि स्त्रीचे ५५ किलो आहे. दोघेही निरोगी आहेत; स्त्री गरोदर नाही आणि बाळाला अंगावर पाजतही नाही. मध्यम श्रमाचे काम करणाऱ्या या पुरुषाला दिवसाला २७१० आणि स्त्रीला २१३० किलोकॅलरी लागतात. बैठे काम असेल तर हेच आकडे २११० आणि १६६० वर येतात. आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यापासून शासकीय योजनांच्या हिशेबापर्यंत सगळीकडे याच जोडीचे आकडे वापरले जातात. मात्र माणसाला किती अन्न लागते हा प्रश्न आपल्याकडे सरकारदरबारी ठळकपणे आला तो आरोग्याचा म्हणून नव्हे, तर दुष्काळी कामांवरील खर्चाचा म्हणून.

१८७६-७८ च्या दुष्काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यात दुष्काळी कामे सुरू झाली, तेव्हा खर्चाला आळा घालण्यासाठी भारत सरकारचे दुष्काळविषयक प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या जानेवारीत मजुराच्या रोजीचा हिशेब एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे यावर आणून ठेवला. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. ज्वारीच्या पिठात मोजले तर मध्यम आकाराच्या पाचेक भाकऱ्या, म्हणजे सुमारे दीड हजार किलोकॅलरी. आजच्या तक्त्यात बैठे काम करणाऱ्या स्त्रीलाही याहून अधिक लागते, आणि टेंपल यांचा मजूर तर खडी फोडत आणि मातीच्या पाट्या वाहत होता. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी त्याच वेळी याला विरोध केला. दीड पौंड धान्य आणि त्यासोबत डाळ व भाजी याशिवाय श्रम करणारा माणूस टिकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. जगण्यासाठी किती लागते आणि काम करण्यासाठी किती लागते, या दोन प्रश्नांतील फरक या वादात स्पष्ट दिसला आणि पुढील शंभर वर्षे तो पुन्हा पुन्हा समोर येत राहिला.

प्रयोगशाळेतील अभ्यासाला सुरुवात झाली ती निलगिरीतील कुन्नूर येथे. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ साली तेथील पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एका खोलीत बेरीबेरीची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाची, चौकशी सुरू केली. १९२८ पर्यंत तिचे पोषण संशोधन प्रयोगशाळेत रूपांतर झाले. निरनिराळ्या प्रांतांतील लोकांचे आहार उंदरांना देऊन त्यांची वाढ तोलण्याचा त्यांचा प्रयोग पुष्कळ गाजला. त्यात गहू, दूध, डाळ व भाजीपाला असलेला शिखांचा आहार पहिला आला, पठाणांचा दुसरा आणि मराठ्यांचा तिसरा. तांदळावर भिस्त असलेला मद्रासचा आहार सर्वांत खाली राहिला. वाढत्या उंदरावरून अख्ख्या प्रांताच्या प्रकृतीचा अंदाज बांधणे आज कोणालाही धाडसाचेच वाटेल. तरीही एक गोष्ट त्यातून कायमची रुजली: पोट भरणे आणि पोषण होणे या दोन निराळ्या बाबी आहेत.

मॅककॅरिसन यांच्यानंतर १९३५ मध्ये आलेल्या वॉलेस एक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांतील पोषणमूल्यांचे कोष्टक तयार केले. पुढे १९४४ मध्ये, बंगालच्या दुष्काळाची धग ताजी असताना, भारतीयांसाठी पहिल्या आहारविषयक शिफारशी निश्चित करण्यात आल्या. ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली.

या आकड्यांना राजकीय वजन आले ते पुण्यात. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि दरडोई रोज २२५० किलोकॅलरी मिळवून देणारा खर्च ही दारिद्र्याची रेषा मानली. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिगटाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरी भागासाठी २१०० हे आकडे ठरवले. खेड्यातील माणसाला अधिक कष्ट पडतात, म्हणून त्याला अधिक अन्न लागते, असा त्यामागील तर्क होता.

याच सुमारास सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुखपद सोडून पुण्यात परतले होते. त्यांचा आक्षेप मुळावरच होता. सरासरी गरज ही सरासरीच असते. निरोगी लोकांपैकी सुमारे निम्म्यांची गरज तिच्याहून कमी असणारच. मग सरासरीखाली खाणारा प्रत्येक जण उपाशी कसा ठरेल? शिवाय एकाच माणसाचे खाणे आणि ऊर्जेचा वापर दिवसागणिक बदलतो आणि शरीर काही मर्यादेपर्यंत त्याच्याशी जुळवून घेते, असेही ते म्हणत. सरासरीतून प्रमाण विचलनाची (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याच्या मापाची) दुप्पट वजा करून येणारी खालची पातळी त्यांनी सीमारेषा म्हणून सुचवली. तिच्यामुळे कुपोषितांची संख्या एकदम घटत होती. दांडेकरांनी या मांडणीवर कठोर टीका केली आणि पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी आरोग्याच्या अंगाने विरोध केला. कमी खाऊन ‘जुळवून घेतलेला’ माणूस अनेकदा काम कमी करून, म्हणजेच मजुरी गमावून जुळवून घेत असतो, हा विरोधकांचा मुद्दा होता. मला स्वतःला सुखात्म्यांचे संख्याशास्त्र भक्कम आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष अतिधाडसी वाटतो. पण त्यांचा पहिला आक्षेप खोडता येत नाही, आणि २०२० च्या तक्त्यांत सरासरी गरज आणि शिफारस केलेली मात्रा हे दोन आकडे वेगवेगळे दिलेले आहेत.

हा फरक कळीचा आहे. ऊर्जेसाठी सरासरी आकडाच धरतात, कारण सर्वांनी सरासरीहून जास्त खाल्ले तर निम्म्या लोकांचे वजन वाढेल. प्रथिने, लोह यांसारख्या घटकांसाठी मात्र सरासरीत भर घालून जवळजवळ सर्व निरोगी लोकांची गरज भागेल अशी मात्रा सुचवतात. लोहाचे उदाहरण घ्यावे. प्रौढ स्त्रीची सरासरी गरज १५ मिलिग्रॅम आहे, पण शिफारस २९ मिलिग्रॅमची आहे. मासिक पाळीतील रक्तस्राव स्त्रीगणिक इतका वेगवेगळा असतो की मधले अंतर एवढे मोठे ठेवावे लागते. परिषदेच्या २०१० च्या अहवालात हीच शिफारस २१ मिलिग्रॅम होती आणि त्याआधी ३०. या काळात स्त्रियांची शरीरे बदललेली नाहीत. आपल्या धान्यप्रधान जेवणातील लोहापैकी किती अंगी लागते आणि कोणाची गरज हिशेबात धरायची, याविषयीची गृहीतके तेवढी बदलली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, तर पुरुषांमध्ये २५ टक्के.

स्त्रीचे मोजमाप मुळातच पुरुषाच्या संदर्भाने झाले. कुटुंबाच्या आहारपाहणीत बैठे काम करणारा पुरुष म्हणजे १ एकक आणि तसेच काम करणारी स्त्री ०.८ एकक. २०१० च्या अहवालातील संदर्भ स्त्रीच्या दिवसाचे वर्णनही वाचण्याजोगे आहे: आठ तास घरकाम किंवा हलक्या उद्योगातील काम, आठ तास अंथरुणावर, चार ते सहा तास बसणे व किरकोळ हालचाल आणि दोन तास चालणे, व्यायाम किंवा घरची कामे. भांगलणीला जाऊन आल्यावर चुलीपुढे बसणाऱ्या बाईचा दिवस या ‘किंवा’मध्ये बसत नाही.

दरम्यान प्रश्नाची दुसरी बाजू, म्हणजे अंगात साठणारी चरबी, हीसुद्धा पुण्यातूनच पुढे आली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला आणि जन्मतः हडकुळे दिसणारे बाळ अंगात तुलनेने अधिक चरबी घेऊन येते, असे दाखवले. २००४ मध्ये त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी या इंडेक्सवरील जास्त वजनाची सीमा २५ वरून २३ वर आणि कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरवर आणली. अंगातील जास्त चरबी मधुमेहाचा धोका वाढवते, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर गेलेली आहे.

त्यामुळे अलीकडच्या शिफारशींत चर्चा एकूण उष्मांकांपेक्षा ताटाच्या रचनेवर अधिक होते. प्रौढांसाठी कॅल्शियमची मात्रा ६०० वरून १००० मिलिग्रॅमवर आणि बी-१२ जीवनसत्त्वाची १ वरून २.२ मायक्रोग्रॅमवर गेली आहे. साठीनंतर उष्मांकांची गरज घटते, प्रथिनांची घटत नाही, म्हणजे कमी अन्नात तितकीच प्रथिने बसवावी लागतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत दिवसभराचे ताट २००० किलोकॅलरींचे धरले असून तृणधान्यांचा वाटा त्यात जास्तीत जास्त ४५ टक्के असावा असे म्हटले आहे; टेंपल यांच्या हिशेबात वरच्या थोड्या पैशांशिवाय मोजले होते ते फक्त धान्य.