गुंतवणूकदारांचा विश्वस्त निधी आणि भागीदारीची मालमत्ता

गुंतवणूकदाराने भागीदारीत घालायला दिलेला पैसा नेमका कोणत्या क्षणी भागीदारीचा होतो, हा इंग्लिश कायद्यातला किचकट प्रश्न आहे. सगळे सुरळीत चालले तर तो कुणी विचारतही नाही. दिवाळे निघाले की सगळे त्यावरच अडते. मर्यादित भागीदारीत (जिथे काही भागीदारांची जबाबदारी त्यांनी घातलेल्या भांडवलापुरतीच असते) वर्गणी बहुधा आधी गोळा होते आणि सॉलिसिटरकडील अशिलांच्या खात्यात किंवा एस्क्रो खात्यात (अटी पुऱ्या होईपर्यंत तिऱ्हाइताने सांभाळायच्या खात्यात) थांबते. किमान रक्कम जमली आणि करारावर सह्या झाल्या तर ती सोडायची, नाहीतर परत करायची. तोवर रक्कम सांभाळणारा केवळ विश्वस्त असतो.

या विचाराला आधार मिळाला तो क्विस्टक्लोज खटल्यात. १९६४ मध्ये रोल्स रेझर या कंपनीला क्विस्टक्लोज या कंपनीकडून, जाहीर झालेला लाभांश देण्यासाठीच म्हणून सुमारे २ लाख ९ हजार पौंडांचे कर्ज मिळाले आणि ते बार्कलेज बँकेत स्वतंत्र खात्यात ठेवले गेले. लाभांश वाटण्याआधीच कंपनी बुडाली. ही रक्कम आपल्या येण्यात वळती करून घेता येईल, असे बँकेचे म्हणणे होते. हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे सर्वोच्च अपील न्यायालय) १९६८ मध्ये ते फेटाळले: ठरलेले काम झाले नाही, आणि बँकेला त्या अटीची कल्पना होती, म्हणून पैसा कर्ज देणाऱ्याचाच.

भागीदारी कायदा, १८९० च्या कलम २० नुसार भांडवलात आणलेली किंवा फर्मसाठी मिळवलेली मालमत्ता ती भागीदारीची. निर्णायक ठरते ती रक्कम सोडण्याची अट. पैसा कोणत्या खात्यात आहे, हे दुय्यम. समजा, किमान ५० लाख पौंड हवेत आणि ४६ लाख जमले असतानाच सामान्य भागीदाराने (कारभार पाहणाऱ्या, अमर्यादित जबाबदारीच्या भागीदाराने) ते फर्मच्या चालू खात्यात वळवले. हा विश्वासभंग झाला. पैसा अजून गुंतवणूकदारांचाच. उलट, सर्व अटी दुपारी पुऱ्या झाल्या आणि रक्कम दुसऱ्या दिवशी वळती झाली, तर कराराच्या शब्दांप्रमाणे ती दुपारपासूनच भागीदारीची असू शकते.

इथे ‘न्यास (विश्वस्त व्यवस्था) संपला’ असे म्हणायची पद्धत आहे, पण ते ढोबळ आहे. इंग्लंडमधील सामान्य वा मर्यादित भागीदारीला स्वतंत्र कायदेशीर व्यक्तित्व नसते (स्कॉटलंडमध्ये असते), त्यामुळे भागीदारीची मालमत्ताही कुणीतरी विश्वस्त म्हणूनच धारण करतो. बदलतात ते लाभार्थी आणि अटी.

विश्वस्त असलेल्या भागीदाराने असा पैसा गैरपणे धंद्यात घातला, तर कलम १३ प्रमाणे इतर भागीदार त्यासाठी जबाबदार नसतात. मात्र विश्वासभंगाची माहिती असेल तर सुटका नाही. आणि पैसा फर्मच्या ताब्यात असेल तर माग काढून तो परत घेता येतो. विश्वस्ताने तो स्वतःच्या पैशात मिसळला असला, तरी आधी त्याचे स्वतःचेच पैसे खर्ची पडले असे धरतात. हा नियम १८८० च्या हॅलेट प्रकरणातला.

पैसा एकदा भागीदारीचा झाला, की गुंतवणूकदार रांगेत मागे जातो. कलम ४४ प्रमाणे आधी बाहेरच्यांची देणी भागवायची, मग भागीदारांनी दिलेली कर्जे, त्यानंतर भांडवल. शिवाय १९०७ च्या मर्यादित भागीदारी कायद्यानुसार मर्यादित भागीदाराने भागीदारी चालू असताना भांडवल काढून घेतले, तर तेवढ्या रकमेपुरती फर्मच्या कर्जाची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणूनच गुंतवणूक निधींत भांडवल नाममात्र दाखवून बाकीची रक्कम कर्ज म्हणून देण्याची चाल पडली. २०१७ पासून खासगी निधींच्या मर्यादित भागीदारीला या बंधनातून सूट आहे.