चेलोवादकाला शिकवावंच का लागतं?

चेलो म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं, खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं वाद्य. चेलोवादक म्हटला की मैफल आठवते. त्याचं घर मात्र बहुधा शिकवण्यांवर चालतं, आणि ही तडजोड आजकालची नाही.

सोळाव्या शतकात उत्तर इटलीत घडलेल्या या वाद्याकडे कितीतरी काळ खर्जाची बाजू सांभाळण्याचंच काम होतं. व्हायोलिनने वर मिरवायचं, याने खालून आधार द्यायचा. जर्मन संगीतकार बाखने १७२०च्या सुमारास एकट्या चेलोसाठी सहा सुइट (नृत्यरचनांचे संच) लिहिले खरे, पण पुढे त्यांची गणती सरावाच्या धड्यांतच झाली. १८९० साली पाब्लो कासाल्स या तेरा वर्षांच्या मुलाला बार्सिलोनातल्या एका दुकानात त्यांची प्रत मिळाली. त्याने ते मैफलीत आणले आणि १९३६ ते १९३९ या काळात सहाही ध्वनिमुद्रित केले. बहुतेकांचं पोट मात्र दरबाराच्या, ऑर्केस्ट्राच्या किंवा संगीतशाळेच्या नोकरीवरच भरे. चेलोवादक डेव्हिड पॉपर १८८६पासून बुडापेस्टच्या संगीत अकादमीत शिकवत आणि व्हायोलिनवादक हुबाय यांच्या क्वार्टेटमध्ये (चौघांच्या वाद्यगटात) वाजवत. त्यांच्या चाळीस एट्यूडांवर (सरावाच्या रचनांवर) चेलोचे विद्यार्थी आजही घाम गाळतात.

आपल्याकडे पाश्चात्त्य तंतुवाद्यांची ही वाट गोव्यातून आली. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांनी मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं. त्यांतले कित्येक जण मुंबईत हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसले. सिंथेसायझर आल्यावर तंतुवाद्यांच्या रांगा ओसरल्या. २००६ साली मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला, तेव्हा सुरुवातीला वादकांचा मोठा भरणा परदेशातून करावा लागला. यावरून आपल्याकडच्या शिकवणीची अवस्था कळते.

नागपूर १८६१ साली मध्य प्रांताची राजधानी झालं, कामठीला १८२१पासून छावणी, शहराच्या सदर भागात चर्च आणि इंग्रजी शाळा. मग चेलो इथे का रुजला नाही? फौजेचे बँड फुंकवाद्यांचे, कारण चालता चालता चेलो वाजवता येत नाही. चर्चचं भागे ऑर्गनवर आणि कॉयरवर. व्हायोलिनला आपल्या गायकांनी मांडी घालून बसवलं, चेलोला तशी जागा मिळाली नाही. वास्तविक पडदे नसल्याने मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) यावर सुरेख येते. नॅन्सी लेश यांनी रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे शिकून चेलोवर धृपद वाजवलं. सास्किया राव-दे हास यांनी जमिनीवर बसून वाजवता येईल असा, पाच मुख्य आणि दहा तरफेच्या (आपोआप झंकारणाऱ्या) तारांचा चेलो करून घेतला. हे सगळं घडलं नागपूरबाहेर.

इथे शिकवणाऱ्यापुढचे प्रश्न मात्र अस्सल नागपुरी. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ दिवसांच्या उन्हात, पारा ४५च्या पार गेला की लाकूड आकसतं, सरसाने जोडलेले सांधे उघडतात, खुंट्या घसरतात. कूलर सुरू केला की खोलीत दमट, बंद केला की कोरडं ठाक. या चढउतारात वाद्य सुरात ठेवणं हीच अर्धी तालीम. पुन्हा लहान मुलाला अर्ध्या मापाचा चेलो लागतो, दोन-तीन वर्षांनी त्याहून मोठा. व्हायोलिन स्कूटीवर पाठीला अडकवून क्लासला नेता येतं, चेलो नाही. आईबापांचा कौल व्हायोलिनकडे झुकतो तो बरेचदा इथेच, संगीताची आवड हा नंतरचा मुद्दा. बाहेरगावी कार्यक्रम असेल तर विमानात चेलोसाठी वेगळी सीट काढावी लागते. मानधनाचा हिशेब तिथेच बिघडतो.

म्हणून इथला चेलोवादक शिकवतो तो केवळ फीसाठी नाही, तर सोबत वाजवणारे मिळावेत म्हणूनही, असं माझं मत आहे. बाखचे सुइट एकट्याने वाजतील, हायडनचं क्वार्टेट वाजणार नाही. त्याला दोन व्हायोलिन आणि एक व्हायोला हवा. व्हायोलिनवाले शहरात सापडतात. व्हायोलासाठी त्यांच्यातलाच एखादा मोठा विद्यार्थी धरायचा, त्याच्या हाती जरा मोठं वाद्य द्यायचं, आल्टो क्लेफ (व्हायोलाच्या स्वरलिपीची खूण) वाचायला शिकवायचं आणि मगच तालमीची तारीख ठरवायची.