तोल राखणं वेगळं, तोल सावरणं वेगळं

"मी डोळे मिटून मिनिटभर एका पायावर उभी राहते, तरी गिरकी घेतली की पाय वाकडा का पडतो?" एरोबिक्स शिकणाऱ्यांकडून हे ऐकून कान किटले. अहो, तुम्ही तोल राखायला शिकलात. तो सावरायला कधी शिकलात?

राखणं सगळ्यांना ठाऊक असतं. पाऊल जमिनीवर, शरीराचा भार त्यावरच, आणि तो तिथून ढळू द्यायचा नाही. झालं.

एरोबिक्समध्ये मात्र भार पावलाबाहेर मुद्दामच टाकायचा असतो. लंजमध्ये, म्हणजे एक पाय लांब पुढे टाकून गुडघे वाकवताना, धड आधी पुढे जातं आणि पाऊल त्याला गाठतं. गाठलं नाही, की पडलात. संगीत मिनिटाला 140 ठोक्यांचं असेल, तर एका ठोक्याला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ मिळतो. उभं असताना घोटा डुगडुगत, चुका दुरुस्त करत बसतो, तशी चैन इथे नाही. उडी मारून उतरताना मांडीचे आणि पोटरीचे स्नायू पाऊल टेकायच्या आधीच आवळलेले असावे लागतात; टेकल्यावर जागे झाले तर उशीर झालेला असतो. ही आधीची तयारी नुसतं उभं राहून येत नाही. तोलाचा सराव ज्या हालचालीत केला त्याच हालचालीला मुख्यतः फळतो, दुसरीकडे फारसा झिरपत नाही.

म्हणून उतरण्याचाच सराव करा. छोटी उडी, एका पायावर उतरणं, गुडघा किंचित वाकलेला आणि पावलाच्या रेषेत, आत कोसळलेला नको. तिथेच तीन सेकंद थांबा. जमलं की उडी बाजूला मारा, मग पाव गिरकी घेऊन. संगीत सगळ्यात शेवटी.

डुगडुगत्या फळीवर कसरती करण्याचं वेड मला मुळीच आवडत नाही. घोटा मुरगळल्यानंतरच्या व्यायामात तिचं काम आहे, मान्य. पण तुम्ही नाचता ती जमीन हलत नसते. अनवाणी की बूट, हा वाद तर सोडूनच द्या. ज्यात वर्ग करता, त्यातच सराव करा.

आणि एका पायावर उभं राहणं बंद करू नका. नवख्यांनी सुरुवात तिथूनच करावी. फक्त घड्याळात मिनिट भरलं की सराव संपला असं धरू नका. त्याच पायावर एक उडी मारून बघा.