क्ष-किरण उपकरणांची उभारणी : खर्च आणि वेळापत्रक

क्ष-किरण दुर्बिणी, वर्णपटमापक, कॅमेरे, सिंक्रोट्रॉनवरची (इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावरची) प्रयोगस्थाने अशी संशोधनाची उपकरणे मंजूर पैशात आणि ठरलेल्या मुदतीत बांधून, तपासून कामाला लावण्यासाठी जे नियोजन, हिशेब आणि निर्णय करावे लागतात, त्यांचा हा विषय आहे. दवाखान्यातले क्ष-किरण यंत्र किंमत विचारून विकत घेता येते. संशोधनाचे उपकरण बहुधा जगात एकच असते. ते आधी कोणी बांधलेले नसते आणि त्याचा खर्च सांगणारा माणूसही ते पहिल्यांदाच बांधणार असतो. त्यामुळे अंदाज कुठेतरी चुकणार हे धरूनच इथे अंदाजपत्रक करावे लागते.

खर्च कशाने वाढतो : क्ष-किरण साध्या आरशावरून परतत नाहीत, ते आत शिरतात आणि शोषले जातात. पृष्ठभागाला चाटून जाणाऱ्या कोनात, साधारण एखाद्या अंशाने आले तरच ते परावर्तित होतात. म्हणून क्ष-किरण दुर्बिणीचा आरसा ताटासारखा नसतो, नळकांड्यासारखा असतो, आणि जास्त किरण गोळा करायचे तर एकात एक अशी अनेक नळकांडी बसवावी लागतात. घासायचा पृष्ठभाग प्रचंड आणि किरण शिरायची फट मात्र चिंचोळी, असा हा तोट्याचा व्यवहार आहे. त्यात हवा मृदू, म्हणजे कमी ऊर्जेचे, क्ष-किरण गिळते, म्हणून चाचणीही निर्वातातच घ्यावी लागते. अमेरिकेत हंट्सव्हिल येथील नासाच्या मार्शल केंद्रात यासाठी सुमारे अर्धा किलोमीटर लांबीची निर्वात नळी आहे. एका टोकाला क्ष-किरणांचा स्रोत आणि दुसऱ्या टोकाला दुर्बीण ठेवायची. अशा सोयी जगात मोजक्याच आहेत. आपली तारीख हुकली, की पुढची मिळेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नसतो.

आणि थांबणे महाग असते. साहित्याचे बिल एकदा येते, पगार दर महिन्याला द्यावा लागतो. एका पुरवठादाराकडून डिटेक्टर सहा महिने उशिरा आला, तर ते सहा महिने आरसेवाले, इलेक्ट्रॉनिक्सवाले, सॉफ्टवेअरवाले सगळे हिशेबात राहतात. त्यांना सोडता येत नाही, कारण आरशाच्या कोणत्या पत्र्याला इपॉक्सी गोंद किती वेळ धरून ठेवायचा आणि कोणती जोडणी किती दाबाने आवळायची, हे त्यांच्याच हातांना माहीत असते. म्हणून या कामात वेळ आणि पैसा हे दोन वेगळे हिशेब मानता येत नाहीत. वेळापत्रक सुटले की अंदाजपत्रक आपोआप सुटते.

राखीव : अनुभवी माणूस अंदाजपत्रक हातात आले की आधी राखीव निधी पाहतो. नासाच्या एक्सप्लोरर श्रेणीतल्या छोट्या मोहिमांच्या प्रस्तावांत उभारणीच्या खर्चावर किमान २५ टक्के रक्कम कशालाही न बांधता बाजूला ठेवलेली असावी, अशी अट घातली जाते. वेळेचाही असाच राखीव साठा असतो. नासाच्या गोडार्ड केंद्राचा ठोकताळा सोपा आहे : मोहीम पक्की झाल्यापासून जुळणी सुरू होईपर्यंत दर वर्षामागे १ महिना, जुळणी आणि चाचण्यांच्या काळात दर वर्षामागे २ महिने, आणि उपकरण प्रक्षेपणस्थळी पोहोचल्यावर दर महिन्यामागे १ आठवडा. बांधकामाला ३ वर्षे आणि जुळणी-चाचणीला दीड वर्ष लागणार असेल, तर त्यातच ६ महिने मोकळे ठेवायचे आणि त्या महिन्यांचा पगारही आधीच मंजूर करून घ्यायचा. शेवटाकडे हे प्रमाण वाढत जाते, कारण सुटे भाग आपापल्या टेबलावर नीट चालतात आणि खरी भांडणे ते एकत्र आल्यावरच बाहेर पडतात. पैसे देणाऱ्याला हा साठा चैन वाटतो आणि कपातीची कात्री पहिल्यांदा त्यावरच पडते. त्याइतकी घातक कपात दुसरी नाही.

प्रगती मोजण्यासाठी अर्जित मूल्य पद्धत वापरतात. समजा, एका आरशासाठी मार्चअखेर १०० पत्रे तयार व्हायचे होते आणि प्रत्येकी १० हजार रुपये धरले होते. झाले ८०, आणि खर्च आला ९ लाख. नुसते जमाखर्चाचे वहीखाते सांगेल, की १० लाखांपैकी १ लाख वाचले. अर्जित मूल्याप्रमाणे मात्र ८ लाखांचेच काम झाले आहे. म्हणजे काम एक पंचमांशाने मागे आहे आणि खर्चही जास्त आहे. ही पद्धत डोळे उघडते यात शंका नाही, पण तिची एक मर्यादा आहे : तयार झालेला पत्रा ती मोजते, चांगला पत्रा मोजत नाही. ८० पैकी किती पत्रे किरण नीट वळवतात ते चाचणीच्या दिवशी कळते. म्हणून मोठी चाचणी जितकी लवकर घेता येईल तितकी घ्यावी.

चंद्रा : हे लवकर तपासणे सक्तीने कसे झाले, याचे उत्तम उदाहरण म्हणजे नासाची चंद्रा ही अवकाशातली क्ष-किरण वेधशाळा. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव तिला पुढे मिळाले. १९७६ मध्ये रिकार्दो जिआकोनी आणि हार्वी टॅननबॉम यांनी तिचा प्रस्ताव मांडला, तेव्हा आरशांच्या सहा जोड्या, जवळची कक्षा आणि स्पेस शटलमधून जाऊन करायची दुरुस्ती असा बेत होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी काँग्रेसने पैसे देताना अट घातली : सर्वांत मोठ्या आरशांची जोडी आधी घासून, चाचणीत उतरवून दाखवा. १९९१ मध्ये हंट्सव्हिलच्या नळीत ती चाचणी पार पडली. अट जाचक वाटली असेल, पण तिच्यामुळे सगळ्यांत अवघड प्रश्न बाकीचा पैसा खर्च होण्याआधीच सुटला.

१९९२ मध्ये मात्र खर्च झेपेना, म्हणून साऱ्या बेताचीच फेरमांडणी झाली. सहाऐवजी चारच जोड्या ठेवल्या. दुरुस्तीचा विचार सोडला आणि कक्षा लंबवर्तुळाकार केली. त्यामुळे शटलच्या फेऱ्यांचा खर्च वाचला आणि पृथ्वी सतत आड येत नसल्याने सलग निरीक्षणाला जास्त वेळही मिळाला. काढलेल्या जोड्या दुसरी आणि पाचवी. उरलेल्यांचे क्रमांक बदलले नाहीत. आजही चंद्राच्या आरशांना १, ३, ४ आणि ६ असेच म्हणतात. त्या कपातीची याहून स्पष्ट खूण दुसरी नाही.

ही कपात शहाणपणाची होती असे माझे मत आहे, कारण अर्ध्या कोन-सेकंदाची (कोन-सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तीक्ष्ण नजर, म्हणजे ज्यासाठी ही दुर्बीण हवी होती ती गोष्ट, तिने सांभाळली. पण किंमत वेगळ्या खात्यावर पडली. नव्या कक्षेमुळे दुर्बीण दर फेरीत पृथ्वीभोवतीच्या प्रारण पट्ट्यांतून जाते. २३ जुलै १९९९ च्या उड्डाणानंतर पहिल्या काही आठवड्यांतच कमी ऊर्जेचे प्रोटॉन आरशांवरून घसरत कॅमेऱ्यापर्यंत पोहोचले आणि किरण टिपणाऱ्या काही सीसीडी चकत्यांची क्षमता घसरली. तेव्हापासून पट्टे ओलांडताना कॅमेरा केंद्रापासून बाजूला सरकवून ठेवतात. उड्डाणही आधी १९९८ चे ठरले होते; जुळणी-चाचणीतील अडचणी आणि शेवटी काही सर्किट बोर्डांबद्दलची शंका यांमुळे ते लांबले.

कापलेले उपकरण कुठे गेले : १९९२ च्या फेरमांडणीत एक्स-रे कॅलरीमीटर चंद्रा वेधशाळेवरून उतरवला गेला. एकेका किरणकणाने होणारी तापमानवाढ मोजून त्याची ऊर्जा सांगणारे हे उपकरण परम शून्यापेक्षा एक दशांश अंशही वर नसलेल्या थंडीत काम करते. त्याच्यासाठी दुसरा उपग्रह ठरला होता, तो पुढच्याच वर्षी रद्द झाला. मग गोडार्डचा चमू कॅलरीमीटर घेऊन जपानच्या मोहिमेत सामील झाला. फेब्रुवारी २००० मध्ये ॲस्ट्रो-ई उपग्रह अग्निबाणाच्या बिघाडात गेला. पुन्हा बांधलेला सुझाकू १० जुलै २००५ रोजी कक्षेत पोहोचला, पण थंडावा देणारे द्रव हेलियम ८ ऑगस्टला संपले आणि कॅलरीमीटरला एकही तारा पाहता आला नाही. त्यानंतरचा हितोमी उपग्रह फेब्रुवारी २०१६ मध्ये कक्षेत गेला आणि दिशानियंत्रणातील चुकीमुळे २६ मार्चला तुटला. त्याआधी त्याने पर्सियस दीर्घिकासमूहातील वायूची खळबळ सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर असल्याचे मोजून दाखवले. या एका निरीक्षणानेच पुढच्या बांधणीसाठी लोकांना राजी केले.

त्या पुढच्या बांधणीत, म्हणजे एक्सरिझम उपग्रहात, खर्चाचा धडा दिसतो. हितोमीवरची सगळी उपकरणे परत बांधली नाहीत. कॅलरीमीटर आणि एक कॅमेरा एवढेच घेतले. जास्त ऊर्जेच्या किरणांसाठी नूस्टार ही नासाची दुर्बीण आधीच कक्षेत होती. आराखडा शक्यतो जुनाच ठेवला. ७ सप्टेंबर २०२३ ला उड्डाण झाले. कॅलरीमीटरच्या पात्रापुढची झडप मात्र उघडली नाही. तिच्यातल्या बेरिलियमच्या पातळ खिडकीतून सुमारे १.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा कमी ऊर्जेचे किरण आत येऊ शकत नाहीत. तरीही वरच्या पट्ट्यात उपकरण ठरल्याहून सरस चालले. १९९२ ते २०२३ अशी एकतीस वर्षे त्यात गेली.

लहान मोहिमा : मर्यादित खर्चाच्या मोहिमांत निर्णय अधिक कोरडेपणाने होतात. नूस्टार २००६ मध्ये निधीअभावी रद्द झाली, २००७ मध्ये परत सुरू झाली आणि जून २०१२ मध्ये कक्षेत गेली. ती वाचली याचे एक कारण म्हणजे तिचे आरसे आणि डिटेक्टर यांचे मूळ रूप आधी फुग्यावर उडवून पाहिलेले होते. क्ष-किरणांचे ध्रुवण मोजणारी जेम्स मोहीम मात्र २०१२ मध्ये खर्चमर्यादा ओलांडणार असे दिसताच बंद केली गेली, आणि तेच विज्ञान आयएक्सपीई या वेगळ्या मोहिमेने डिसेंबर २०२१ मध्ये हाती घेतले. युरोपात अथेना दुर्बिणीचा अंदाज १९० कोटी युरोंच्या वर गेल्यावर २०२२ मध्ये तिची १३० कोटींच्या मर्यादेत फेरआखणी सुरू झाली.

जमिनीवरच्या उपकरणांचे गणित थोडे सौम्य असते, कारण ती दुरुस्त करता येतात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची पद्धत पाच टप्प्यांची आहे : गरज मान्य करणे, पर्याय निवडणे, खर्च-मुदत पक्की करणे, बांधकामाला परवानगी आणि काम पूर्ण. तिसऱ्या टप्प्यावर जो आकडा लिहिला जातो त्यावरच पुढे जाब विचारला जातो. स्टॅनफर्डच्या क्ष-किरण लेसरवर सुमारे ६ कोटी डॉलरमध्ये उभारलेली तीन प्रयोगस्थाने याच चौकटीत, एकामागून एक वापरात आणली गेली.

भारतातील अनुभव : १९९६ मध्ये आयआरएस-पी३ उपग्रहावर टाटा मूलभूत संशोधन संस्थेची क्ष-किरण उपकरणे गेली. त्या यशानंतर इस्रोने २००४ मध्ये ॲस्ट्रोसॅट या खगोल-उपग्रहाला मंजुरी दिली, आणि २८ सप्टेंबर २०१५ रोजी पीएसएलव्ही-सी३० ने तो कक्षेत सोडला. खर्च सुमारे १७८ कोटी रुपये. एवढ्या थोड्या पैशात जमले हे कौतुकाने सांगितले जाते, आणि ते कौतुक रास्तही आहे. पण मंजुरी ते उड्डाण ही अकरा वर्षे त्याच हिशेबात धरली पाहिजेत. भारतात हे आरसे आणि डिटेक्टर बांधण्याची कला याच काळात घडत होती. प्रयोगशाळेला जे शिकायला लागते ते वेळापत्रकात 'विलंब' म्हणून दिसते.

कुलाब्याच्या टाटा संस्थेत ॲस्ट्रोसॅटसाठी बनलेली मृदू क्ष-किरण दुर्बीण पाहिली की हे पटते. चंद्रासारखे जाड काचेचे आरसे घासणे परवडणारे नव्हते. म्हणून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर गुळगुळीत साच्यावरून सोन्याचा थर उचलून घ्यायचा, अशी पद्धत स्वीकारली. असे ३२० पत्रे लागले. एकेक पत्रा वाकवायचा, थर बसवायचा, तपासायचा, खाचेत सरकवायचा. नजर चंद्राइतकी तीक्ष्ण नाही, पण दुर्बीण हलकी, परवडणारी आणि आपल्या हातांनी केलेली. कॅमेरा मात्र इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाच्या भागीदारीतून घेतला. काय स्वतः शिकायचे आणि काय भागीदाराकडून आणायचे, हा खर्चाचा निर्णय होता तितकाच वेळेचाही. कॅडमियम-झिंक-टेल्युराइड डिटेक्टरच्या कॅमेऱ्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राचा वाटा होता. क्ष-किरण मोजणाऱ्या, झेनॉन वायूच्या मोठ्या गणकांची पूर्वतयारी टाटा संस्थेने हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांवर केली होती.

हे गणक एकच मोठे न करता तीन स्वतंत्र, सारखे केले होते; त्यांचे क्रमांक १०, २० आणि ३०. मुख्य हेतू क्षेत्रफळाचा, पण तिघांची वायुपात्रे आणि इलेक्ट्रॉनिक्स वेगळी राहिली. उड्डाणानंतर क्रमांक ३० मधून वायू गळू लागला आणि २०१८ मध्ये तो बंद करावा लागला. क्रमांक १० चे वाचनही त्याच वर्षी भरवशाचे राहिले नाही. क्रमांक २० पाच वर्षांचे नियोजित आयुष्य उलटल्यावरही मोजत राहिला.