हर्ट्झ आणि रेडियन पर सेकंद: डायमेन्शन एकच, म्हणून आकडा पण तोच नसतो

हर्ट्झ सगळ्यांना माहितीये. घरातली लाइट ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० सायकल, संपला विषय. आणि ओमेगा (कोन किती वेगाने बदलतो ते, रेडियन पर सेकंदमध्ये) म्हणजे २ पाय एफ (एफ म्हणजे हर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी) हे बारावीच्या पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. तरीपण जर्नलमध्ये 'ओमेगा = ३१४ हर्ट्झ' दिसतंच (३१४ म्हणजे २ पाय गुणिले ५०, ते रेडियन पर सेकंद झालं), आणि ते बघितलं की माझं डोकं फिरतं.

खरी गोची अशी की युनिट चेक करून ही चूक सापडतच नाही. रेडियन म्हणजे कंसाची लांबी भागिले त्रिज्या, मीटरला मीटर कटले, डायमेन्शन शून्य. त्यामुळे हर्ट्झ असो की रेडियन पर सेकंद, खाली उरतं ते एक भागिले सेकंदच, आणि मग कुणीतरी हुशारी करतो की दोन्ही सेम आहेत तर १ हर्ट्झ म्हणजे १ रेडियन पर सेकंद. अरे नाही ना! एकात फेऱ्या मोजतोय, दुसऱ्यात कोन, आणि एका फेरीत ६.२८ रेडियन असतात. बेक्वेरेल (रेडिओॲक्टिव्हिटीचं युनिट, सेकंदाला किती अणू फुटतात ते) पण एक भागिले सेकंदच आहे, म्हणून युरेनियमची फ्रिक्वेन्सी इतके हर्ट्झ असं कुणी म्हणतं का?

सगळ्यात जास्त बळी जातात आरसी फिल्टरमध्ये (रेझिस्टर आणि कपॅसिटरचं सर्किट; लो पास असेल तर कमी फ्रिक्वेन्सी जाऊ देतं, जास्त अडवतं). १ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड घ्या, १ भागिले आरसी काढा, १००० येतं. १००० काय? अर्धा वर्ग बिनधास्त हर्ट्झ लिहितो. ते रेडियन पर सेकंद आहे, कटऑफ (जिथे आउटपुट इनपुटच्या ०.७०७ पट होतं ती फ्रिक्वेन्सी) आहे १५९ हर्ट्झ. मग लॅबमध्ये जनरेटर १००० हर्ट्झवर लावायचा, १ व्होल्ट द्यायचा, लो पासच्या आउटपुटला ०.७०७ ची वाट बघायची, मिळतात ०.१६ च्या आसपास, आणि शिव्या कपॅसिटरला. बिचाऱ्याचा काय दोष. त्यात मॅटलॅब सॉफ्टवेअरचा बोडे प्लॉट (फ्रिक्वेन्सीनुसार आउटपुट किती ते दाखवणारा ग्राफ) काही न सांगता रेडियन पर सेकंदमध्ये येतो आणि एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरचा हर्ट्झमध्ये, दोन्ही शेजारी ठेवले की कर्व्ह ०.८ डिकेडने (एक डिकेड म्हणजे दहा पट, ०.८ म्हणजे तेच ६.२८ पट) सरकलेला दिसतो आणि लोक मॉडेलमध्ये चूक शोधत बसतात.

आरपीएमचं (मिनिटाला किती फेऱ्या) सोपंय, ६० ने भागा म्हणजे हर्ट्झ, मग ६.२८ ने गुणा. १५०० आरपीएम म्हणजे २५ हर्ट्झ म्हणजे १५७ रेडियन पर सेकंद. फक्त पॉवर = टॉर्क (फिरवणारा जोर) गुणिले ओमेगा यात आरपीएम तसाच कोंबू नका. मोटरवाले ९५५० गुणिले किलोवॅट भागिले आरपीएम करून टॉर्क काढतात ना, तो ९५५० म्हणजे ६०,००० भागिले २ पायच आहे, आकाशातून पडलेला नाही.

माझं म्हणणं, उत्तर लिहिताना 'सेकंद वर मायनस एक' हे लिहूच नका, भले एसआयमध्ये चालत असेल. ओमेगा असेल तर रेडियन शब्द दिसलाच पाहिजे. आणि गणितात ३१४ ऐवजी '२ पाय गुणिले ५०' असंच ठेवा, शेवटच्या ओळीला सोडवा, म्हणजे तपासणाऱ्याला पण कळतं की तुम्ही गुणलंय की नाही.

हां, आणि कॅल्क्युलेटर रेडियन मोडला टाका. ५० हर्ट्झला ५ मिलिसेकंदाला साइनचा पीक यायला हवा, साइन १.५७ म्हणजे १. डिग्रीत राहिला तर ०.०२७ दाखवतो.