गुरगुरणारा कुत्रा आणि न फितणारा कुत्रा

राखणीचा कुत्रा परक्यावर गुरगुरतो आणि अंगाला हात लावू देत नाही, म्हणून तो कुणाला फितणार नाही, असे बहुतेक मालक धरून चालतात. परंतु परक्याविषयीचा संशय आणि परक्याविषयीची अलिप्तता या दोन निराळ्या गोष्टी असून राखणीच्या कामी भरवशाची ठरते ती अलिप्तता.

संशयी कुत्र्याचे गुरगुरणे बहुधा भीतीतून येते, आणि भीती चिकाटीने घालवता येते. कुंपणापलीकडून रोज मटणाचा तुकडा टाकून निमूट निघून जाणाऱ्या माणसापुढे असा कुत्रा हळूहळू शेपूट हलवू लागतो. अलिप्त कुत्र्याला मात्र परक्याकडून काही मिळत नाही आणि मालकाकडे वळले की मिळते, हे अंगवळणी पडलेले असते. ते असे शिकवतात: कुत्रा पट्ट्याला बांधलेला, मालकाशेजारी उभा असतो, अनोळखी सहायक काही अंतरावरून ‘बस’, ‘ये’ म्हणतो, चुचकारतो, खाऊ दाखवतो. कुत्र्याने नजर वळवून मालकाकडे पाहिले, की त्याच क्षणी मालक शाबासकी आणि खाऊ देतो. कुत्रा पुढे ओढू लागला, तर सहायक मूठ मिटून पाठ फिरवतो आणि पुढच्या खेपेला अधिक लांब उभा राहतो. जमू लागले, की अंतर कमी करतात आणि सहायक व जागा पुन्हा पुन्हा बदलतात, कारण एका माणसाबाबत शिकलेली गोष्ट कुत्रा आपणहून सगळ्यांना लावत नाही. खाऊ घेताच सहायकाने फटका मारायचा, ही पद्धत मला मुळीच मान्य नाही. तिने पुन्हा संशयच पेरला जातो.

फ्रेंच रिंग या राखणीच्या कुत्र्यांच्या स्पर्धेत मालक नजरेआड गेल्यावर कुत्र्यापुढे खाण्याचे तुकडे टाकतात आणि त्याने तोंड न लावता जागेवर राहायचे असते. आयजीपी (२०१९ पूर्वीचे आयपीओ) या, माग काढणे, आज्ञापालन आणि चावून राखण करणे तपासणाऱ्या परीक्षेआधी तर बीएच ही आज्ञापालनाची आणि शांत वागणुकीची प्राथमिक चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते, जिच्यात घोळक्यातून आणि सायकलस्वाराजवळून शांतपणे जायचे असते. चावण्याच्या कसोटीआधी न बिथरण्याची कसोटी, हा क्रम मला फार योग्य वाटतो.

घरी ही शिकवण बिघडते ती पाहुण्यांपुढे. ‘तुम्ही सांगून बघा, लगेच हात देतो’ असे म्हणून आपणच त्यांच्या हाती बिस्किट देतो. ते थांबवावे; मात्र पशुवैद्याला तपासू देण्यासाठी परवानगीचा एक ठरावीक शब्द शिकवावा, आणि मालक आजारी पडल्यास कुत्रा आवरता यावा म्हणून घरातल्या आणखी एका माणसाची आज्ञा त्याला मान्य असावी.